मालवण सात उलट्यांवर

आमच्या मुलुंडच्या घरात माणसं पाच आणि अंतर मोजायची मापंही पाच. मंदार, म्हणजे माझा नवरा, किलोमीटर आणि टोल यांत मोजतो. सई, वय वर्षं अकरा, मोबाईलच्या बॅटरीत मोजते. पनवेल म्हणजे वीस टक्के. सासूबाई नातेवाइकांत मोजतात: पेणला मावसबहीण, महाडला चुलतदीर, खेडला कुणाची तरी व्याही मंडळी. सोहम सहा वर्षांचा आहे, तो "अजून किती वेळ?" किती वेळा विचारून झालं त्यावर मोजतो. आणि मी उलट्यांत मोजते. सोहमला गाडी लागते आणि मागच्या सीटवर त्याच्या शेजारी कायम मीच असते.

माप ऐकायला किळसवाणं आहे, मान्य. पण अचूक आहे. कोकणात किलोमीटर सर्रास खोटं बोलतात, उलटी बोलत नाही. मुलुंड ते पेण शून्य, पोटात फक्त मारी बिस्किट असेल तर. वडखळला वडा खाल्ला की कोलाडच्या आत एक. माणगावहून म्हसळ्याकडे वळलं की घाटात दुसरी, म्हणजे दिवेआगर दोन उलट्यांवर. दापोली चार. कशेडी घाटात पूर्वी एक हमखास ठरलेली असायची. तिथे बोगदा झाला आणि खेड एका उलटीने जवळ आलं. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ पासून चाललंय आणि त्यावर लोक नाही नाही ते बोलतात. मी बोगद्यापुरती गप्प बसते.

मालवण सात.

"मालवणला जाऊ या," असं मंदार नोव्हेंबरात म्हणाला, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर सिंधुदुर्ग किल्ला आला नाही, सात पिशव्या आल्या. आणि पिशव्या हल्ली मिळतात कुठे? २०१८ मध्ये राज्यात प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली. पर्यावरणासाठी ते योग्यच झालं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्या बंदीचा विचार करताना गाडी लागणाऱ्या मुलांच्या आयांना कुणी विचारलेलं दिसत नाही. कापडी पिशवीत भाजी आणता येते, बाकी काही धरता येत नाही. म्हणून माझ्याकडे बंदीपूर्व काळातल्या पिशव्यांचा एक साठा आहे. त्यात सर्वांत वरच्या दर्जाची म्हणजे साडीच्या दुकानातली जाड, बंदाची पिशवी. ती मी मंगळसूत्राच्या डबीशेजारी ठेवते.

२६ जानेवारी सोमवारी येत होती. शनिवार, रविवार, सोमवार. सुट्ट्यांची अशी सलग रांग दिसली की मुंबईतल्या माणसाला कोकणात आपलं काहीतरी राहिलंय असं वाटू लागतं. मंदारने लगेच ग्रुप काढला, 'कोकण फिक्स'. त्यात दीर-जाऊ, नणंद, तिची दोन मुलं धरून एकूण अकरा माणसं. पहिल्या आठवड्यात त्यात एकशे चाळीस मेसेज आले. त्यांतले शंभर नुसते अंगठे होते. दुसऱ्या आठवड्यात दिरांना ऑफिसचं काम निघालं, तिसऱ्यात नणंदेच्या मुलाची परीक्षा. उरलो आम्ही पाच. ग्रुपचं नाव तेच राहिलं.

"पाचशे किलोमीटरच्या आसपास आहे. पहाटे चारला निघालो तर दुपारी जेवायला मालवणात," मंदार म्हणाला.

"सात," मी म्हणाले.

"काय सात?"

मी पिशव्या दाखवल्या. मालवण बारगळलं.

पण मंदार हार मानणाऱ्यांतला नाही. त्याने किनाऱ्याकिनाऱ्याने जायचा बेत मांडला. घाटच नको, सागरी मार्गाने जायचं! या रेवस ते रेडी मार्गाची कल्पना बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असतानाची, म्हणजे १९८० ते १९८२ मधली, हे त्याने आम्हाला जेवताना सांगितलं. त्याला अशी माहिती जेवतानाच आठवते. मग त्याने लॅपटॉपवर नकाशा उघडला आणि आम्ही सगळे त्याच्याभोवती जमलो.

नकाशात कोकणचा किनारा दुरून सरळ दिसतो. जवळ गेलं की कळतं, तो फणीसारखा आहे. दर थोड्या अंतरावर खाडी आत घुसलेली. समोरचं गाव दिसतं, तिथल्या माडाच्या झावळ्या मोजता येतात, पण रस्त्याने जायचं तर खाडीला वळसा घालून अर्धा तालुका पालथा घालायचा. यावर उपाय म्हणजे गाडी चढवायची फेरीबोट, जिला तिकडे जंगलजेटी म्हणतात. आगरदांड्याहून दिघी, बागमांडल्याहून वेसवी, दाभोळहून धोपावे, तवसाळहून जयगड. चार खाड्या, चार बोटी. मंदारने प्रत्येकीपुढे निळी खूण केली.

"रिव्हर्स कोण घेणार?" सासूबाईंनी विचारलं.

प्रश्न वर्मी लागला. काही जंगलजेट्यांवर गाडी उलटी चढवावी लागते. खाली लाटा, मागे लोखंडी उतार, आणि एक पोरगा हाताने खुणा करत "येऊ दे, येऊ दे, येऊ दे" म्हणतो. मंदार आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये रिव्हर्स घेतो तेव्हा वॉचमन आधी शेजारच्या गाडीवाल्याला फोन करतो. चार जेट्या म्हणजे चार रिव्हर्स. एकेक करत खुणा पुसल्या गेल्या आणि बेत गुहागरवरून सरकत दिवेआगरवर येऊन थांबला.

सासूबाईंना गुहागर गेल्याचं वाईट वाटलं. त्यांचं माहेर त्या बाजूचं. लहानपणी त्या भाऊच्या धक्क्यावरून बोटीने दाभोळला जायच्या. दाभोळला बोटीतून पडावात, पडावातून किनाऱ्याला. "रात्रभर बोट लागायची हो," त्या अभिमानाने सांगतात, "आमच्या घराण्यात सगळ्यांना लागते. सोहम आमच्यावर गेलाय."

"मला कुठे लागते?" मंदार म्हणाला. "हे सगळे मनाचे खेळ आहेत. मला आयुष्यात कधी गाडी लागली नाही."

आयुष्यात तो कधी मागच्या सीटवर बसलेला नाही, हे मी त्या वेळी बोलले नाही.

दिवेआगरला घरगुती राहण्या-जेवणाची सोय बघायची जबाबदारी माझी. फोनवर आलेल्या काकू अतिशय गोड होत्या आणि त्यांचे प्रश्न आमच्या घरातल्या कुणाही पाहुण्यापेक्षा जास्त होते. माणसं किती? मुलं तिखट खातात का? खाली झोपायला चालतं का? मोदक किती सांगू?

"मोदक आताच सांगायचे?"

"उकडीचे ना, आदल्या दिवशी सांगितलेले बरे. नारळ खोवायला बाई बोलवावी लागते. आणि मासे?"

इथे मी फोनवर हात ठेवला आणि घरात विचारलं. शनिवारी मंदार खात नाही, मारुतीचा वार. रविवारी रथसप्तमी, सासूबाई खाणार नाहीत. सोमवारी दोघंही खात नाहीत. सोहम फक्त काटे नसलेला मासा खातो, म्हणजे देवाने अजून न घडवलेला. हिशेब केला तेव्हा समुद्रकिनारी तीन दिवस राहून आमच्या कुटुंबाला एकत्र बसून मासे खाता येतील अशी वेळ शून्य मिनिटं निघाली. काकूंना मी म्हटलं, "मोदक एकवीस सांगा."

"आणि मासे?"

"मी एकटी आहे." हे वाक्य फोनवर उगाच फार करुण वाटलं. काकू म्हणाल्या, "काळजी नको, मी करते एक पापलेट."

पुढचे दोन आठवडे बैठकव्यवस्थेत गेले. ज्याला गाडी लागते त्याला पुढे बसवावं, हा सर्वमान्य नियम. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना पुढे बसवावं, हाही सर्वमान्य नियम. पुढची सीट एकच. सोहम लहान आहे, त्याला पुढे बसवणं धोक्याचं, हा तिसरा नियम मी मांडला तेव्हा सासूबाईंनी माझ्याकडे फार प्रेमाने पाहिलं. मग सोहमसाठी इलाज गोळा झाले. मजल्यावरच्या सगळ्यांनी हातभार लावला. आवळासुपारी आली, आलेपाक आला, लिंबू आलं. पोटाला वर्तमानपत्र बांधा, असं एकांनी सांगितलं. कुठलं, ते नाही सांगितलं. माझा स्वतःचा एकच इलाज आहे, बाहेर बघायचं. "लांब बघ. त्या झाडाकडे बघ," असं मी मुलुंडपासून सुरू करते. झाडं मागे पळतात, सोहम एक एक झाड धरत जातो आणि घाटात झाडंच इतकी होतात की त्याला निवड करता येत नाही. मग पिशवी.

सईने एक वही घातली. पहिल्या पानावर 'प्रवास' लिहून दोन रकाने आखले, 'गाव' आणि 'संख्या'. मी तिला विज्ञानाच्या प्रकल्पाबद्दल इतकी तळमळ दाखवताना पाहिलेलं नाही.

सगळं जमलं होतं. गाडीची हवा, ब्रेक, वायपर बघून झाले. जानेवारीत वायपर कशाला, ते मंदारलाच ठाऊक. गुरुवारी रात्री साडेनऊला मी पोळ्या लाटत असताना सई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. मुलं अशी दारात एका पायावर उभी राहिली की समजावं, शाळेतलं काहीतरी आहे.

"आई, सांगायचं विसरले. सोमवारी झेंडावंदनाला लेझीम आहे. मी पहिल्या रांगेत आहे. साडेसातला यायचंय. पांढरे बूट."

लाटणं माझ्या हातात होतं ते सईचं नशीब नाही, माझं. ओट्यावर ठेवायला वेळ मिळाला.

"कधी सांगितलं बाईंनी?"

"डिसेंबरात."

म्हणजे रविवारी रात्री मुलुंडात हवं. म्हणजे सोमवार गेला. म्हणजे शनिवारी जायचं आणि रविवारी दुपारी परत निघायचं, आणि रविवारी दुपारी महामार्गावर काय असतं ते इथे सांगायची गरज नाही. एका रात्रीसाठी जाऊन येऊन चार उलट्या, हा व्यवहार कुठल्याही बाजूने परवडत नव्हता. मी काकूंना फोन लावला. फार वाईट वाटत होतं. एकवीस मोदक, खोवायची बाई, एक पापलेट.

"अगोबाई, लेझीम आहे होय?" काकू म्हणाल्या. "मग लेझीमच करू दे तिला. समुद्र काय, इथेच आहे." आणि वर विचारलं, "पांढरे बूट घेतलेत का? आयत्या वेळी मापाचे मिळत नाहीत."

तेही खरंच निघालं, पण ते पुराण वेगळं.

मंदार रात्री साडेअकरापर्यंत लॅपटॉपपुढे बसला होता. मालवण, गुहागर, दिवेआगर करत आमची सहल किनाऱ्याने उत्तरेकडे सरकत आली होती; आणखी एक आठवडा मिळाला असता तर ती मुलुंडच्या चिंतामणराव देशमुख उद्यानात पोचली असती. शेवटी तो विजयी मुद्रेने वळला. "अलिबाग. रो-रोने. भाऊच्या धक्क्यावर गाडी बोटीत चढवायची, तासाभरात मांडवा. रस्त्याने शंभरेक किलोमीटरचा वळसा, तो सगळा वाचला. घाट नाही, खड्डे नाहीत, ट्रॅफिक नाही." मग माझ्याकडे बघून, माझ्याच भाषेत, "शून्य."

मालवणपासून शून्यापर्यंत आलो होतो. मी लगेच हो म्हटलं. शनिवारी सकाळची पहिली फेरी भरली होती, पुढचीत जागा मिळाली.

"कुलाब्याच्या किल्ल्यात चालत जायचं असेल तर ओहोटी बघावी लागेल," मंदार मोबाईल काढत म्हणाला.

"शनिवारी तिथी काय?" सासूबाईंनी विचारलं.

सईने भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. "षष्ठी."

सासूबाईंनी डोळे मिटले. "सहा पाऊण साडेचार. साडेचारला भरती, म्हणजे साडेदहाला सुकती."

मंदारच्या मोबाईलचं अजून गोल गोल फिरत होतं. ते थांबलं तेव्हा वेळ जवळपास तीच निघाली. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते, आणि पाऊणकीचा पाढा सासूबाईंच्या शाळेत घोकून घेत असत. सई त्यांच्याकडे पहिल्यांदाच, एखाद्या नव्या ॲपकडे बघावं तशी बघत होती. "पण हे भांगाकडे, म्हणजे छोट्या भरती-ओहोटीकडे, जाणारं पाणी," सासूबाई पुढे म्हणाल्या, "उधाणासारखं पार ओसरायचं नाही. गुडघाभर तरी लागेल. घोडागाडी करा. माझे गुडघे त्यात भिजवायचे नाहीत."

शनिवारी सकाळी मुलुंडहून निघालो. दक्षिणेकडचं कोकण गाठायला आधी मुंबईच्याच दक्षिणेकडे जायचं, हे सोहमला काही पटलं नाही. भाऊच्या धक्क्यावर माशांचा वास आला आणि मी पिशवीच्या बंदात बोटं घातली. पण त्याने नाक मुरडलं, इतकंच. रिव्हर्सची वेळ आली नाही. मंदारने गाडी सरळ आत नेली, हँडब्रेक ओढला आणि किल्ली बोटावर फिरवत वर आला. सासूबाई कठड्याशी उभ्या राहून धक्क्याकडे बघत होत्या. मी काही विचारलं नाही.

बोट निघाली. सोहम कठड्याला धरून समुद्रपक्षी मोजत होता, एक बटाटावडा खाल्ला, दुसरा मागितला. मी पिशवी मांडीवर घेऊन बसले होते, परीक्षेत सगळे प्रश्न सोपे आल्यावर होते तशी अस्वस्थ. मंदार बाकावर मान खाली घालून मोबाईलवर अलिबागची हॉटेलं वाचत होता.

अर्ध्या वाटेवर त्याने मोबाईल खिशात ठेवला. मग चष्मा काढला. मग म्हणाला, "इंजिनाचा वास येतोय का तुम्हाला?"

कुणालाच येत नव्हता.

सासूबाईंनी त्याच्या चेहऱ्याकडे एकदा नीट पाहिलं, माझ्या मांडीवरची साडीच्या दुकानातली पिशवी उचलली आणि बंद सोडून त्याच्या हातात दिली. सोहम बाबाजवळ जाऊन उभा राहिला. त्याच्या पाठीवर आपला छोटासा हात फिरवत, अगदी मनापासून म्हणाला, "लांब बघ, बाबा. झाडाकडे बघ."

चारी बाजूंना नुसतं पाणी होतं. सईने दप्तरातून वही काढली.