तीन तारांचं काम

जुन्या गाडीच्या रेडिओला मोबाइल जोडायचा, हे सांगायला तीन तारांचं काम आहे. पण पहिला अडथळा तारांचा नसतोच, माणसांचा असतो. सोलापुरात मेकॅनिक चौकाच्या आसपास प्रीमियर पद्मिनीचं दार उघडं टाकून कोणी डॅशबोर्डखाली शिरला, की मागे चारजण हात बांधून उभे राहतात. "काय करायलाव ओ मालक? नवा डेक बसवा की!" हा पहिला सल्ला. दुसरा शहाणा म्हणतो, "ते लायटरमध्ये खुपसायचं एफएमचं घ्या, स्वस्तात मिळतंय."

हेतू चांगलाच असतो. पण या रेडिओच्या घराण्यात एफएम कोणाला ठाऊकच नाही. पट्टीवर ५५ ते १६० असे आकडे, पुढचं शून्य आपण मनातल्या मनात लावायचं. म्हणजे निव्वळ मीडियम वेव्ह. ते एफएमचं यंत्र दिवसभर बोंबललं तरी हा ढिम्म हलणार नाही. आणि नव्या डेकसाठी डॅशबोर्डचा पत्रा कापावा लागतो, कारण जुन्या रेडिओला दोन खुंट्यांची दोन भोकं आणि मधे पट्टीची खिडकी एवढीच जागा असते. एकदा कापलेला पत्रा परत येत नाही. पत्रा कापायला निघालेल्या माणसाच्या हाती मी गाडीची किल्लीच काय, पान्हासुद्धा देणार नाही.

तर आधी बॅटरी पाहायची. बॉडीला कुठली जाड तार गेली आहे, मायनसची की प्लसची? पद्मिनीत मायनस. पण साठच्या दशकापर्यंतच्या बऱ्याच ब्रिटिश वळणाच्या गाड्यांत प्लस बॉडीला असतो. तिथे मोबाइलच्या हेडफोनच्या पिनची बाहेरची कडी रेडिओमार्गे बॉडीला, म्हणजे प्लसला लागते. चार्जर लावला असेल तर तीच कडी आतून मायनसला. बॅटरीच्या दोन्ही टोकांच्या मधे आता काय उरलं? आपली केसासारखी ऑडिओची तार. ती आधी गरम होते, मग वास मारते. म्हणून अशा गाडीत चार्जर आणि पिन एकत्र लावायची नाही. हौस असेल तर मधे ऑडिओचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर हवाच, म्हणजे दोन्हीकडच्या तारा एकमेकींना न लागता आवाज तेवढा पुढे जातो. चालू करताना क्षणभर गुणगुणणारा आणि ऊब धरायला वेळ घेणारा व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या नळ्यांचा रेडिओ असेल, तर आत शंभर-दोनशे व्होल्ट फिरत असतात. तो जाणत्याकडे न्यावा, हात घालू नये.

बॅटरीची तार सोडली की रेडिओ उतरवायचा. नॉब ओढले की निघतात, हट्टी असतील तर बाजूला बारीक स्क्रू असतो. मागे चपटा नट, आणि रेडिओच्या पाठीला पत्र्याच्या पट्टीचा एक बोल्ट. या बोल्टापर्यंत पोचायला डोकं पेडलपाशी आणि पाय दाराबाहेर अशा आसनात झोपावं लागतं. कमरेखाली जुन्या सोलापुरी चादरीची चौघडी घाला. चादर किती जाड विणली आहे हे तेव्हा कळतं. फ्यूजची तार, स्पीकरच्या दोन, एरियलची जाड पिन, सगळ्यांना चिकटपट्टीची खूण करून मगच सोडा. आणि टेबलावर तपासताना स्पीकर जोडल्याशिवाय रेडिओ चालू करू नका. आतले जर्मेनियमचे आउटपुट ट्रान्झिस्टर एकदा गेले, की त्यांचा जोडीदार शोधत जुन्या बाजारात चकरा मारायच्या.

झाकण उघडलं की आवाजाचा कंट्रोल सापडतो. त्याला बहुधा पाच पाय असतात. तीन ओळीत, ते आवाजाचे. मागचे दोन स्विचचे, आणि त्यांत थेट बारा व्होल्ट! मोबाइलची तार चुकून तिकडे लागली, तर मोबाइलवाल्याला दुसरा हप्ता सुरू करावा लागतो. तीनपैकी मधला पाय बहुतेक वेळा पुढे ॲम्प्लिफायरला जाणारा. कडेच्या दोघांत एक अर्थ, म्हणजे रेडिओच्या पत्र्याला जोडलेला, आणि दुसरा डिटेक्टरकडून, म्हणजे रेडिओ-लहरीतून आवाज वेगळा काढणाऱ्या भागाकडून येणारा. आवाज पूर्ण वाढवून मीटर लावा: ज्या कडेपासून मधल्या पायापर्यंत ओहम जवळजवळ शून्य, ती वरची कड. आपल्याला तीच हवी. जोडण्याआधी रेडिओ चालू करून तिथे डीसी व्होल्टही मोजा, जर्मेनियमच्या रेडिओत प्लस-मायनसची उलटापालट असू शकते.

आता सामान. मोबाइलचे डावा-उजवा असे दोन आवाज, आपला स्पीकर एकच. दोन्ही तारा पिळून एकत्र जोडायचा मोह होतो. तसं केलं की मोबाइलचे दोन ॲम्प्लिफायर एकमेकांशीच झुंजतात. प्रत्येकीला ४.७ किलोओहमचा रेझिस्टन्स लावून मग एकत्र करायच्या. पुढे २.२ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर, म्हणजे रेडिओचा डीसी मोबाइलकडे जात नाही. कंडेन्सरचा प्लस पाय जास्त व्होल्टच्या बाजूला. आवाज फाटत असेल तर रेझिस्टन्स जिथे एकत्र येतात तिथून अर्थला १ किलोओहमचा आणखी एक लावा, आवाज साधारण तिसऱ्या हिश्श्यावर येतो. हे सगळं सामान एका चहाच्या पैशांत बसतं. अडचण दुकानात येते. "दोन रेझिस्टन्स?" असं विचारताना काउंटरमागच्या चेहऱ्यावर जी करुणा उमटते, ती पाहून माणूस मुकाट दहाची पट्टी घेतो.

मग डिटेक्टरची तार वरच्या पायापासून सोडायची आणि मधे तीन पायांचा टॉगल स्विच घालायचा: मधला पाय कंट्रोलला, एका बाजूला रेडिओ, दुसऱ्या बाजूला मोबाइल. स्विचचा कंटाळा करून नुसतीच समांतर तार जोडणारेही आहेत. पट्टीवर रिकामी जागा शोधून काटा तिथे ठेवला की झालं, म्हणतात. दिवसा होतंही. रात्री मीडियम वेव्ह आकाशावर आपटून लांबून येते, आणि आपल्या भावगीताच्या अंतऱ्यात कुठल्या तरी कानडी बातम्या शिरतात. सोलापूरकराला त्या कळतात, हा भाग वेगळा.

तार शिल्डची, म्हणजे वरून तारांच्या जाळीचं आवरण असलेली घ्या, आणि शिल्ड रेडिओच्याच अर्थला जोडा. पिनचं सॉकेट प्लास्टिकच्या अंगाचं हवं. धातूचं सॉकेट डॅशबोर्डला लागलं की दुसरा अर्थ तयार होतो आणि ॲक्सिलरेटर दाबाल तशी शिट्टी वर चढते. भोक पाडू नका. ॲशट्रे काढून त्या खोबणीत सॉकेट छान बसतं, नाहीतरी तिथे वापरात नसलेली चिल्लर असते. ग्लू गनने मात्र चिकटवू नका. मे महिन्यात पारा बेचाळिशी ओलांडतो आणि बंद गाडीच्या डॅशबोर्डवर त्याहून कितीतरी जास्त. गोंद वितळून सॉकेट तारेला लोंबतं. काळ्या चिकटपट्टीचाही जूनपर्यंत काळा गूळ होतो. जोडांवर हीट श्रिंक, म्हणजे गरम केल्यावर आवळणारी नळी चढवा आणि सॉकेट पत्र्याच्या पट्टीने कसा.

शिट्टी तरी आलीच तर मोबाइलचा चार्जर उपसून पाहा. थांबली, तर दोष अर्थच्या चक्राचा. ऑडिओच्या तारेत तोच आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर टाका. शिट्टीऐवजी इंजिनाच्या तालावर टकटक ऐकू येत असेल, तर ती प्लगच्या ठिणगीची. रेझिस्टन्सवाल्या प्लगच्या टोप्या बसवा, बॉनेटपासून बॉडीला अर्थची जाड पट्टी द्या.

"मग ब्लूटूथच टाका की!" मागचे चौघे अजून तिथेच आहेत. टाकता येतं. पाच व्होल्टचा छोटा बोर्ड रेडिओच्या पोटात सहज मावतो, फक्त बाराचे पाच करायला ७८०५ नावाचा तीन पायांचा रेग्युलेटर वापरा. स्वस्तातला स्विचिंग कन्व्हर्टर मीडियम वेव्हवर खरखर ओततो, मग मूळ रेडिओच कामातून जातो. ७८०५ गरम होतो, त्याला रेडिओच्या पत्र्याला टेकवून कसा. पण मायनस अर्थ असेल तरच, कारण त्याची पाठ आतून मायनसला जोडलेली असते. शिवाय बोर्डातली ती बाई दरवेळी विंग्रजीत "कनेक्टेड" असं ठणकावते, आणि कागदी स्पीकरमधून ते निवडणुकीच्या रिक्षासारखं ऐकू येतं. मी तारेच्या बाजूचा आहे.

शेवटी मोबाइलचा आवाज पाऊणवर ठेवायचा आणि बाकीचं रेडिओच्या नॉबवर सोडायचं. मोबाइल पूर्ण आणि नॉब पाव असं केलं तर आवाज फाटतो, उलटं केलं तर खरखर वाढते. आणि नोटिफिकेशन बंद ठेवा, नाहीतर सात रस्त्याच्या सिग्नलला शेजारच्या रिक्षावाल्यालाही कळतं की तुमचा हप्ता थकलाय.