कार्योत्तर मंजुरी

माझी उभी हयात दुसऱ्यांच्या खर्चावर आक्षेप घेण्यात गेली. नोकरी जिल्हा परिषदेच्या लेखा विभागात, त्यामुळे देयक नुसतं टेबलावर आलं तरी मला वास येतो. तसलमात, म्हणजे कामासाठीची आगाऊ रक्कम, उचलून हिशेब द्यायला कोण विसरलंय, मार्चच्या शेवटच्या आठवड्यात न वापरलेला निधी व्यपगत होईल, म्हणजे हातचा जाईल म्हणून कोणी खुर्च्या घेऊन ठेवल्यात, एकाच खरेदीचे तुकडे कोणी पाडलेत, सगळं मला पाठ. आणि हे सगळेच्या सगळे प्रकार माझ्या स्वतःच्या घरात बिनबोभाट चालतात.

बायको शाळेत शिक्षिका. म्हणजे घरात पगार दोन आणि लाल पेनंही दोन.

लग्नानंतर बरीच वर्षं आमच्याकडे 'विचारून खर्च' अशी ढोबळ पद्धत होती. म्हणजे मी विचारायचो आणि ती नाही म्हणायची. पुढे घराचा हप्ता सुरू झाला, पोरीचे क्लास सुरू झाले आणि भांडायला महिनाअखेरीची वाट बघावी लागेना. तेव्हा मीच ठराव मांडला: 2,000 रुपयांवरची कुठलीही खरेदी दुसऱ्याच्या पूर्वपरवानगीशिवाय करायची नाही. ठराव एकमताने मंजूर झाला. एकमताने मंजूर झालेल्या ठरावाकडे आमच्या खात्यात सहसा संशयानेच बघतात.

दिवाळीच्या तोंडावर विजेचं बिल शोधताना ड्रॉवरमध्ये साड्यांच्या दुकानाच्या तीन पावत्या सापडल्या. प्रत्येकी 1,950 रुपये. तारखा सोमवार, मंगळवार, बुधवार. वरवर सगळं नियमात. पण पावती हातात आली की मी आधी रकमेकडे नाही, नंबराकडे बघतो. नोकरीने लागलेली खोड. नंबर होते 4417, 4418 आणि 4419.

"अगं, ऐन दिवाळीत तीन दिवस त्या दुकानात तुझ्याशिवाय गिऱ्हाईकच फिरकलं नाही?"

ती पेपर तपासत होती. मान वर न करता म्हणाली, "मीच सांगितलं त्यांना, आमच्याकडे ऑडिट असतं, जरा तारखा वेगळ्या घाला. फार भला माणूस आहे हो." मग पेनाला टोपण लावलं. "आणि अहो, माळ्यावर ती पिवळी पेटी कसली आहे?"

ती पेटी ड्रिल मशीनची होती. मशीन 1,899, बिटांचा संच 640 आणि हे सगळं ठेवायला पेटी 450. वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या दुकानांतून. मी तिला शांतपणे समजावलं की यंत्रसामग्री हे खर्चाचं एक शीर्ष, सुटे भाग हे दुसरं आणि साठवणूक हे तिसरं. याला तुकडे पाडणं म्हणत नाहीत, याला वर्गीकरण म्हणतात. माझं आजही तेच मत आहे.

"त्या मशीनने आजवर एकच भोक पडलंय," ती म्हणाली. "त्यावर कालनिर्णय टांगलंय. 2,989 रुपयांचं भोक."

बेरीज तिने तोंडी केली होती. शेवटी दोन्ही प्रकरणं कार्योत्तर मंजुरीने निकाली निघाली. ज्यांना सरकारी कारभाराचा अनुभव नाही त्यांच्यासाठी सांगतो: आधी खर्च करायचा, मग त्याला परवानगी घ्यायची, तिला कार्योत्तर मंजुरी म्हणतात. ही सोय ज्याने शोधली तो नक्की संसारी माणूस असणार.

वाणसामान, गॅस, दूध यांवरून आमच्यात फारसं वाजत नाही. दुधाचे खाडे त्याच कालनिर्णयावर लिहिलेले असतात, त्यामुळे भोकाचा तेवढा तरी उपयोग आहे. खरं रण माजतं ते आहेरावरून. तुळशीचं लग्न लागलं की पत्रिकांची रीघ लागते आणि तिची आहेराची वही बाहेर येते. आपल्या लग्नात, वास्तुशांतीला, बारशाला कोणी काय दिलं याची त्या वहीत अशी नोंद आहे की आमच्या रोखपालाने येऊन शिकून जावं. माझ्या चुलतभावाच्या मुलाला 501 पुरेत, कारण "त्यांनी वास्तुशांतीला स्टीलचा डबा दिला होता, तोही झाकण न बसणारा." तिच्या मावसबहिणीच्या मुलीला मात्र चांदीची निरांजनं, कारण तिकडचं "आपल्यावर देणं आहे." हे देणं कधी फिटलेलं मी पाहिलेलं नाही.

मी 2,000 ची मर्यादा काढली की उत्तर ठरलेलं, "आहेर त्यात येत नाही." दुर्दैवाने याला घटनात्मक आधार आहे. राज्याच्या अर्थसंकल्पात काही खर्च 'भारित' असतो: राज्यपालांचं वेतन, कर्जावरचं व्याज वगैरे. त्यावर विधानसभेत चर्चा होऊ शकते, मतदान होत नाही. माहेरचा आहेर भारित आहे. मी चर्चा करतो.

घरातला सगळ्यात मोठा निधी मात्र मला कुठल्याच तपासणीत सापडला नव्हता. 8 नोव्हेंबर 2016 च्या रात्री टीव्हीवर 500 आणि 1000 च्या नोटा मध्यरात्रीपासून बंद होणार असं जाहीर झालं. मी ऑफिसातल्या मंडळींना फोन लावत बसलो. ती उठली, स्वयंपाकघरात स्टूल ओढल्याचा आवाज आला आणि थोड्या वेळाने नाचणीच्या पिठाचा डबा डायनिंग टेबलावर आला. पिठात कोपरापर्यंत हात घालून तिने प्लास्टिकची पिशवी वर काढली, तिच्यात आणखी एक पिशवी, तिच्यात रुमाल. आकडा इथे लिहीत नाही, ऑफिसात लोक वाचतात. ज्या वर्षी पैसे नाहीत म्हणून आपण महाबळेश्वर रद्द केलं होतं, त्याही वर्षीच्या नोटा त्यात होत्या.

मी रीतसर विचारलं, निधीचा स्रोत काय? तिने उत्तर राखून ठेवलं. पुढे दोन-चार दिवसांत पेपरात आलं, की घरातल्या बायकांच्या साठवलेल्या पैशांची अडीच लाखांपर्यंत चौकशी होणार नाही. ते कात्रण तिने माझ्या ताटाशेजारी ठेवलं. "सरकार विचारत नाही म्हणतंय. तुम्ही कोण?"

मीही वाचणारा माणूस. घरखर्चाच्या पैशातून बायकोने वाचवलेले पैसे कुणाचे, यावर इंग्लंडात कोर्टबाजी होऊन शेवटी 1964 साली कायदा करावा लागला आणि नवऱ्याने दिलेल्या घरखर्चातून उरलेले पैसे निम्मे-निम्मे ठरले. हे मी तिला ठळकपणे सांगितलं.

"बरं," ती म्हणाली. "मग निम्मी नाचणी तुम्ही दळून आणत चला."

डबा आता बदललाय. नाचणी, ज्वारी, साबुदाणा, सगळीकडे बघून झालं. हात पांढरे करण्यापलीकडे काही हाती लागलं नाही.

माझ्याकडे असा गुप्त निधी उभा राहण्याची शक्यताच मोबाईलवरून पैसे देण्याने संपवली. खातं दोघांच्या नावावर, पण बँकेत मोबाईल नंबर तिचा. परवा पोवई नाक्यावर मिसळ खाल्ली, 160 रुपये दिले. यंत्राने रक्कम भर हॉटेलात मोठ्याने वाचून दाखवली, ते एक वेळ सोडा. रुमालाने तोंड पुसतोय तोवर मेसेज: "एकट्याने दोन प्लेट? संध्याकाळी मुगाची खिचडी आहे."

रोख पैसे जवळ ठेवून बघितले. एटीएममधून काढले की त्याचाही मेसेज जातो, आणि हिशेब मेसेजच्या आकड्याचा द्यावा लागतो.

यंदा एप्रिलमध्ये मी मर्यादा वाढवण्याचा प्रस्ताव ठेवला. महागाई, बाजारभाव, मागील वर्षांचा अनुभव, अशी व्यवस्थित टिप्पणी तयार केली होती. तिने ती वाचली, शुद्धलेखनाच्या दोन चुका लाल पेनाने गोल केल्या आणि 3,000 ला मान्यता दिली. पुन्हा एकमत. आठवडा उलटायच्या आत कुरिअरवाला दारात दोन खोकी घेऊन उभा, एक तिच्या नावाचं, एक माझ्या. आम्ही दोघांनीही आपापलं खोकं उचलून आधी किमतीच्या लेबलावर अंगठा ठेवला.

"कितीचं?" तिने विचारलं.

"2,999. तुझं?"

"तेवढंच."