एसीत बसून लिहिणाऱ्याचं उत्तर

फिशटँकसाठी विकला जाणारा परदेशी सकर मासा दुकानदारांच्या सांगण्यावरून नदीत सोडला जातो आणि उजनी धरणात पसरतो, असं मी लिहिलं होतं. त्यावर 'मत्स्यप्रेमी' या नावानं एक लांबलचक प्रतिक्रिया आली आहे. थोडक्यात म्हणणं असं: घरात फिशटँक ठेवणाऱ्या पोरांना मी गुन्हेगार ठरवलं, उजनीचं पाणी पुणे-पिंपरीच्या सांडपाण्यानं नासलं, मासे त्यानं गेले, परदेशी मासे तर सरकारनंच आणले, आणि "एसीत बसून धरणावर लिहिणं सोपं असतं." शेवटी टोमणा: "मोठे झालेले मासे काय मारून टाकायचे का?"

आधी एसीचं बघू. माझ्याकडे एसी नाही, पण ते सोडा. बोलायची ही कुठली पद्धत? मुद्दा पटला नाही तर तसं लिहा, समोरच्याची लायकी कशाला काढायची? आणि काढायचीच असेल तर ऐका. कॉलेजात असताना मी पुण्यातल्या एका अ‍ॅक्वेरियमच्या दुकानात कामाला होतो. टँक धुणं, पाणी बदलणं, पिशवीत ऑक्सिजन भरून रबर लावणं, सगळं केलंय. सकर मी माझ्या हातानं विकलेत. बोटाएवढं पिल्लू काचेला तोंडानं चिकटून बसलेलं असायचं, पोरं तिथंच हट्ट धरायची. आई-बापांसाठी आमचं वाक्य ठरलेलं: "हा काच साफ ठेवतो, याला वेगळं खायला लागत नाही." तो दीड फुटापर्यंत वाढतो हे मालक सांगत नसत, मग नोकर कशाला सांगेल? वर्ष-दोन वर्षांनी तेच गिऱ्हाईक बादली घेऊन दारात. मासा हातभर झालेला, टँकमधली झाडं उपटलेली, पाणी घाण. मालक परत घेत नसत. "नदीत सोडा, जीव वाचेल, पुण्य लागेल." मुठेचं पाणी पुढे भीमेत आणि भीमेतून उजनीत जातं, एवढा भूगोल तुम्हालाही असेलच.

धरणाचंही सांगतो. माझं आजोळ भिगवणकडचं. जाळ्यात अडकलेला सकर सोडवताना एकदा बघाच. अंगभर हाडांच्या पट्ट्या, पाठीवरच्या आणि बाजूच्या परांना जाड काटे. भ्याला की ते ताठ करून बसतो. ओढलं तर जाळं आणखी फाटतं, म्हणून मामा ब्लेडनं जाळ्याचे तेवढे आस, म्हणजे चौकटी, कापूनच तो काढतात. एवढं करून हातात येतो तो मासा बाजारात कुणी विकत घेत नाही. काठावर टाकला तर कित्येक तास जिवंत राहतो. काठाच्या मातीत बिळं पोखरून त्यात अंडी घालतो, वर नर राखणीला बसतो. हे मी गुगलवर बघितलेलं नाही.

'गुन्हेगार' हा शब्द माझ्या लेखात एकदाही नाही, शोधून दाखवा. मी दुकानदारांवर लिहिलं होतं. टँक ठेवणारा प्रत्येक जण नदीत मासे सोडत नाही, हे मान्यच आहे.

सरकारचंही मान्य. मोझांबिकचा तिलापिया, म्हणजे आपली चिलापी, 1952 साली मत्स्यशेतीसाठी म्हणूनच भारतात आणली. डासांच्या अळ्या खायला आरोग्य खातं गप्पी मासे सोडतं, तेही मूळचे दक्षिण अमेरिकेतले. लेखात हे नव्हतं. घ्या, एक गुण तुमचा. पण सरकारनं गाय मारली म्हणून आपण वासरू मारायचं का? 2018च्या पुरानंतर केरळच्या नद्यांत अरापैमा आणि अ‍ॅलिगेटर गार हे हौसेनं पाळले जाणारे परदेशी मासे मिळाले. 2023 मध्ये श्रीनगरच्या दल सरोवरात गार मिळाला. ते सोडायला कुठलं खातं गेलं होतं?

सांडपाणी हा वेगळा विषय आहे, त्यावर पुष्कळ लिहिलं गेलंय. एवढंच सांगतो, पाण्यातला ऑक्सिजन संपला की रोहू-कटला मरतात आणि सकर वर येऊन हवा गिळून जगतो. म्हणजे तुमचा मुद्दा माझ्याच बाजूचा निघाला. लिहिताना लक्षात आलं नसेल.

राहिला टोमणा. होय, मारायचे. आधी दुकानदाराला परत घ्यायला लावा, भांडा. मोठा बंदिस्त हौद असलेला कुणी घेतो का विचारा. कुणीच नाही घेतला तर थोड्या कोमट पाण्यात लवंगेचं तेल खळखळून ढवळा, ते टँकच्याच पाण्यात मिसळा आणि मासा त्यात ठेवा. तो आधी गुंगतो, मग मरतो. वाचून मी कसाई वाटलो तर वाटू दे, मत्स्यप्रेम तुम्हालाच लखलाभ. फक्त सकर चिवट असतो, कल्ले हलायचे थांबले म्हणून लगेच बाहेर काढू नका, तासभर तरी तसाच राहू द्या. मग मातीत पुरा. संडासात टाकून पाणी सोडू नका.