मुंब्रा ‘नो-गो झोन’ नाही

ठाण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय: ‘मुंब्रा नो-गो झोन झालाय. तिथे कायदा चालत नाही, पोलीस आत जात नाहीत, आपल्या माणसाने तिथे पाऊल टाकू नये. युरोपात तर असे शेकडो भाग सरकारनेच जाहीर केलेत.’ यातली एकही गोष्ट खरी नाही.

सरकारचाच शिरकाव होत नाही, तो नो-गो भाग. ऑगस्ट १९६९ मध्ये उत्तर आयर्लंडच्या डेरी शहरात बोगसाइड या वस्तीच्या रहिवाशांनी रस्ते अडवून पोलिसांना बाहेर ठेवलं. असे अडवलेले भाग पुन्हा ताब्यात घ्यायला ३१ जुलै १९७२ रोजी ब्रिटनला २० हजारांहून जास्त सैनिक उतरवावे लागले.

मुंब्र्यात पोलीस ठाणं आहे, ते ठाणे आयुक्तालयाखाली येतं. महापालिका ठाण्याचीच. मुंब्रा-कळवा हा विधानसभेचा मतदारसंघ आहे.

‘आपला माणूस’ म्हणजे कोण, हे मेसेजवाल्याने लिहिलेलं नाही, पण रोख कळतो: मुंब्र्यात मुस्लिम वस्ती मोठी आहे, तिथे हिंदूंनी जाऊ नये. नवरात्रात मुंब्रादेवीच्या डोंगराच्या पायऱ्यांवर ओटीचं सामान घेतलेल्या बायका चढताना दिसतात. खालच्या वस्तीतूनच त्या वर जातात.

युरोपचं म्हणाल, तर फ्रान्सने १९९६ मध्ये ७५१ वस्त्यांची यादी केली ती जादा निधी आणि योजना देण्यासाठी. तिलाच पुढे लोकांनी ‘पोलीस न जाणारे भाग’ ठरवलं. ब्रिटनमधल्या बर्मिंगहॅम शहराबद्दल असाच दावा स्वतःच्या पडद्यावर झाल्यावर फॉक्स न्यूज या अमेरिकन वाहिनीला जानेवारी २०१५ मध्ये जाहीर माफी मागावी लागली.

राहिला ‘कायदा चालत नाही’ हा मुद्दा. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतली असंख्य मुस्लिम कुटुंबं जीव मुठीत धरून इथे आली, वस्ती झपाट्याने वाढली आणि बेकायदा इमारतींचं पेव फुटलं. हे दुखणं खरं आहे आणि ते लपवायचं कारण नाही. ४ एप्रिल २०१३ ला जवळच शिळफाट्याला बांधकाम चालू असलेली बेकायदा इमारत कोसळली, ७४ जणांचा जीव गेला. त्या प्रकरणात बिल्डरांसोबत महापालिकेचे अधिकारी आणि पोलीसही पकडले गेले, पैसे घेऊन डोळेझाक केल्याच्या आरोपाखाली. म्हणजे यंत्रणा तिथे पोचत होती. इथल्या रहिवाशांना तिलाच जाब विचारायचा आहे, आणि ‘तिथे सरकार जातच नाही’ असं आपण पसरवत राहिलो, तर जबाबदार अधिकारी अलगद सुटतात.