रोलर रॉकर बसवले म्हणून जुनं टॅपेट कव्हर बाद होत नाही

शेवरलेची जुनी स्मॉल ब्लॉक व्ही-८ इंजिनं उघडून बसणाऱ्या लोकांमध्ये एक सल्ला हातोहात फिरतो आहे. मला तो वर्षभरात तीन वेगवेगळ्या माणसांकडून आला. थोडक्यात असा: 'रोलर रॉकर बसवले की जुन्या घाटाची टॅपेट कव्हरं बाद. १.६ रेशोचे रॉकर असतील तर विचारूच नका, ते जास्त वर उचलतात. जुनं कव्हर ठेवायचंच असेल तर कॉर्कची दोन पॅकिंगं एकावर एक घाला, आतला पत्रा कापून टाका. थोडं घासलं तरी घाबरू नका, दोन-चारशे मैलांत आपोआप जागा होते.'

अमेरिकेत ज्याला व्हॉल्व्ह कव्हर म्हणतात तेच आपल्या गॅरेजमधलं टॅपेट कव्हर. रॉकर म्हणजे त्याच्या खालचा सीसॉसारखा हलणारा दांडा: कॅमवरचा लिफ्टर पुशरॉडने त्याचं एक टोक वर ढकलतो, दुसरं टोक खाली जाऊन व्हॉल्व्ह उघडतं. रेशो म्हणजे कॅमचा उठाव तो किती पट करून व्हॉल्व्हला देतो तो आकडा. मी मिशिगनमध्ये राहतो. माझ्याकडे १९६२ची बेल एअर आहे, तिच्यात ३२७ घनइंचाचं इंजिन आहे आणि त्याच्यावर रेघारेघांची ओतीव अॅल्युमिनियमची कव्हरं आहेत. या सल्ल्यातलं एक वाक्य मी स्वतः पाळून पाहिलं आणि पस्तावलो, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे. सल्ल्याच्या पहिल्या अर्ध्या भागापायी लोक चांगली कव्हरं विकून टाकतात आणि दुसऱ्या अर्ध्या भागापायी चांगली इंजिनं खराब करतात.

त्या सल्ल्यात खरं किती, ते आधी सांगतो. १९५५ साली २६५ घनइंचाचं पहिलं स्मॉल ब्लॉक आलं तेव्हा त्याचे रॉकर पत्रा दाबून केलेले होते. मधे एक गोळी, वर एक नट, की झालं काम. हलकं, स्वस्त आणि बुटकं. खालचा सामान बुटका म्हणून वरचं झाकणही बुटकं. रोलर रॉकरचं तसं नसतं. त्याचं अंग जाड अॅल्युमिनियमचं असतं, मधल्या आसाला सुई-बेअरिंग असतं, आणि साध्या नटाऐवजी पॉलिलॉक येतो. हा पॉलिलॉक म्हणजे एक लांब नट, त्याच्या पोटात स्टडच्या, म्हणजे रॉकर ज्या खुंट्यावर बसतो त्याच्या, डोक्यावर घट्ट बसणारा अॅलन स्क्रू. जुन्या नटापेक्षा तो चांगलाच उंच असतो. त्यामुळे जागेचा प्रश्न येतो, यात वाद नाही. पण प्रश्न येतो म्हणजे उत्तर 'नाही' असंच असतं, हे कुणी ठरवलं?

'जुनी कव्हरं बाद' असं सरसकट म्हणणाऱ्याने कुठलं कव्हर आणि कुठला रॉकर, हे विचारलेलंच नसतं. दाबीव पत्र्याच्या कव्हरची भिंत जेमतेम मिलिमीटरभर जाड असते. ओतीव अॅल्युमिनियमची भिंत त्याच्या कितीतरी पट जाड, शिवाय आतल्या कोपऱ्यांना गोलाई. बाहेरून दोन्ही कव्हरं एकाच मापाची दिसली तरी आतली खोली वेगळी असते. रॉकरमध्येही सगळे एका अंगाचे नसतात. काहींची बनावट मुद्दाम अरुंद असते. काहींना फक्त टोकाला रोलर असतो आणि मधे जुनीच गोळी-नटाची व्यवस्था असते, तिथे पॉलिलॉक लागेलच असं नाही. सिलिंडर हेडचाही हात असतो. बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच नव्या हेडांवर कव्हर जिथे टेकतं ती कड मुळातच उचललेली असते, म्हणजे जागा आयतीच मिळते. उलट त्याच हेडात इंचाच्या दहाव्या भागाने, म्हणजे अडीच मिलिमीटरने, जास्त लांब व्हॉल्व्ह घातले असतील तर रॉकर तेवढे वर बसतात आणि ती जागा जाते. इतक्या गोष्टी बदलत्या असताना एका ओळीत निकाल लागत नाही.

बोल्टच्या भोकांचा घोळही याच्यात मिसळला जातो. १९५५ ते १९५९च्या हेडांवर वरचे आणि खालचे बोल्ट समोरासमोर नसतात, १९६०पासून ते समोरासमोर आले. १९८७पासून बोल्ट कव्हरच्या मधून जाऊ लागले. एका काळाचं कव्हर दुसऱ्या काळाच्या हेडवर बसत नाही, ते या भोकांमुळे. त्यात रॉकरचा काही दोष नाही. गंमत अशी की मधल्या बोल्टच्या हेडवर जुनं कव्हर बसवायला जी अॅडॉप्टर पट्टी लागते, ती कव्हरला थोडं वरही उचलते.

आता १.६चा मुद्दा. हा सगळ्यात जास्त सांगितला जातो आणि सगळ्यात चुकीचा आहे. समजा कॅमचा उठाव ०.३०० इंच, म्हणजे ७.६२ मिलिमीटर आहे. १.५च्या रॉकरने व्हॉल्व्ह ११.४३ मिलिमीटर उघडतो, १.६ने १२.१९. फरक पाऊण मिलिमीटरचा. पण हा फरक कुठल्या दिशेला आहे ते पाहा. व्हॉल्व्हकडचं टोक उघडताना खाली जातं, कव्हरपासून लांब. वर येतं ते पुशरॉडकडचं टोक, आणि ते लिफ्टर जेवढा उचलतो तेवढंच वर येणार: १.५ असो वा १.६, ७.६२ मिलिमीटरच. रेशो वाढवल्याने रॉकर कव्हरच्या छताकडे काही जास्त सरकत नाही. पॉलिलॉक तर जागचा हलतच नाही, तो स्टडवर उभा असतो.

१.६ लावताना काळजी जरूर घ्यायची, पण ती दुसरीकडे. पुशरॉडचा खड्डा स्टडच्या जवळ येतो, म्हणून पुशरॉड हेडच्या खाचेला घासतो का ते बघायचं. स्प्रिंग पूर्ण दबल्यावर तिचे वेढे एकमेकांना टेकतात का, व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांच्यात अंतर राहतं का, ते बघायचं. आणि हेडमध्ये ठोकून बसवलेले मूळचे स्टड कडक स्प्रिंगच्या जोराने वर उपटून येऊ शकतात, म्हणून तिथे आटे पाडून स्क्रूचे स्टड घालायचे. ज्यांच्या डोक्यात '१.६ म्हणजे कव्हर अडणार' एवढंच बसलेलं असतं, ते नेमकी हीच तपासणी विसरतात.

मग जागा आहे की नाही हे कळायचं कसं? मातीने. मुलं खेळतात ती मऊ रंगीत माती पुरते. पण आधी क्रम नीट लावायचा. पुशरॉडची लांबी पक्की करायची, कारण लांब पुशरॉड घातला की रॉकर स्टडवर वर चढतो. मग टॅपेट सेट करायचे. ३/८ इंची स्टडला इंचाला २४ आटे असतात, म्हणजे पॉलिलॉकचा अर्धा फेरा जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा. तरीही शेवटच्या जागी लॉक करूनच पुढे जायचं. मग प्रत्येक पॉलिलॉकच्या डोक्यावर आणि प्रत्येक रॉकरच्या दोन्ही टोकांवर मातीचा बोटभर जाड गोळा चिकटवायचा, कव्हरच्या आतून तेलाचं बोट फिरवायचं, आणि जे पॅकिंग शेवटी राहणार तेच घालून चारही बोल्ट नेहमीइतके आवळायचे. प्लग काढलेले असावेत. इंजिन हाताने पूर्ण दोन फेरे फिरवायचं, कारण क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमचा एक फेरा होतो आणि तेव्हाच सोळाही रॉकर आपापल्या वरच्या टोकाला जाऊन येतात. दोन्ही कव्हरं अशी वेगवेगळी बघायची.

कव्हर उचललं की माती सगळं सांगते. माझ्या इंजिनात डाव्या बाजूला मागच्या दोन पॉलिलॉकांवर गोळा दबून पापुद्रा उरला होता. ब्लेडने मधोमध कापून व्हर्निअर लावला, तर ०.४ मिलिमीटर. कागदाच्या चार पानांएवढा. बाकी सगळीकडे माती जाड होती, फक्त उजव्या कव्हरच्या आतल्या कोपऱ्याच्या गोलाईला एका रॉकरचं अंग जवळून जात होतं. मी निदान अर्धं सूत, म्हणजे १.६ मिलिमीटर, अंतर असल्याशिवाय कव्हर बसवत नाही. तेल निथळून गेलेला हायड्रॉलिक लिफ्टर हाताने फिरवताना पूर्ण उचलत नाही, मातीत दिसतं त्यापेक्षा चालू इंजिनात तो जास्त उचलतो. शिवाय कव्हर थरथरतं. म्हणून ते अर्धं सूत.

दोन कॉर्कची गोष्ट मी केली होती. माती-बिती काही न लावता, सल्ला ऐकून, एकावर एक दोन पॅकिंगं चिकटवली आणि गाडी बाहेर काढली. वीसेक मैलांवर बॉनेटच्या फटीतून निळसर धूर येऊ लागला. थांबून पाहिलं तर दोन कॉर्कच्या मधल्या सांध्यातून तेल पाझरून थेट एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर ठिबकत होतं. स्मॉल ब्लॉकमध्ये टॅपेट कव्हरच्या बरोबर खाली तापलेला मॅनिफोल्ड असतो, तिथे तेल पडणं म्हणजे आगीशी खेळ. सोबत बायको होती, मागे मुलगी होती. त्या दिवशी मी रस्त्याच्या कडेला जे उभं राहिलो, ते मला आजही आठवतं.

कारण साधं आहे. कॉर्क दबतो तसा आडवाही सरकतो. एक पॅकिंग हेड आणि कव्हर यांच्या धातूला धरून राहतं, दोन असली की ती एकमेकांवर घसरतात. गळतंय म्हणून माणूस बोल्ट आणखी आवळतो. ते चार पाव इंची बोल्ट आहेत, त्यांचा जोर फूट-पाउंडात नाही, इंच-पाउंडात मोजायचा असतो. जास्त आवळलं की कॉर्क फाटतो, पत्र्याचं कव्हर बोल्टपाशी वाकतं, आणि मग ते कधीच सपाट बसत नाही.

आतला पत्रा, म्हणजे कव्हरच्या भोकाखालचा तेल अडवणारा आडोसा, कापायचा सल्ला अर्धवट माहितीतून आलेला आहे. साठच्या दशकाच्या सुरुवातीच्या बऱ्याचशा स्मॉल ब्लॉकांच्या कव्हरांना भोकंच नसायची. तेल इनटेक मॅनिफोल्डच्या पुढच्या नळीतून भरायचं, आणि इंजिनातली वाफ ब्लॉकच्या मागच्या नळीतून खाली रस्त्यावर सोडलेली असायची. अशा कव्हरात तो पत्रा नसतोच, कापायचं काय? भोकाच्या कव्हरात मात्र तो कामासाठी असतो. पीसीव्ही व्हॉल्व्ह इंजिनातली वाफ ओढून परत इनटेककडे पाठवतो. त्याच्या खाली आडोसा नसेल तर रॉकरवरून उडणारं तेलही तो सोबत ओढतो. मग प्लग काळे पडतात, सायलेन्सरमधून धूर येतो, आणि माणूस पिस्टन रिंगांवर पैसे घालवतो. पत्रा अडतच असेल तर त्याचा आकार बदलून तो उथळ करून पुन्हा जोडावा. काढून टाकू नये.

'घासून आपोआप जागा होते' या वाक्याचा मला खरंच राग येतो. जागा होते म्हणजे काय होतं? कव्हरचं अॅल्युमिनियम खरवडलं जातं आणि त्याचा चुरा पडतो. तो पडतो कुठे? लोकांना वाटतं, फिल्टर आहे ना. पण फिल्टरपर्यंत जायच्या आधी तो चुरा वरून सरळ रॉकरच्या सुई-बेअरिंगांवर पडतो, म्हणजे ज्या भागासाठी इतके पैसे मोजले त्याच भागात. तिथून तो हेडच्या भोकांतून तेलाच्या तळात उतरतो, जाळीतून जेवढा निसटतो तेवढा ऑइल पंपाच्या दातांत जातो, आणि त्यानंतर फिल्टर येतो. थंडीत घट्ट तेलाने फिल्टरचा बायपास उघडला तर तोही वाटेत नसतो.

दुसरं नुकसान कानाचं. कव्हरला टेकणाऱ्या रॉकरचा टिकटिक आवाज हुबेहूब ढिल्या टॅपेटसारखा येतो. माणूस टॅपेट घट्ट करतो, आवाज तसाच, म्हणून आणखी घट्ट करतो. शेवटी व्हॉल्व्ह पूर्ण बंद होईनासा होतो आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो. कव्हर उचलून आतली चकाकती रेघ बघितली असती तर पाच मिनिटांचं काम होतं.

'त्यापेक्षा सरळ उंच कव्हर घ्या' म्हणणाऱ्यांनाही एक सांगायचं आहे. उंच कव्हर आलं की ब्रेक बूस्टर, एसी कॉम्प्रेसरचा ब्रॅकेट, प्लगच्या वायरी यांच्याशी गाठ पडते. आतली अडचण बाहेर काढल्यासारखं होतं, ते आधी मोजून घ्यावं.

जागा खरोखर कमी पडली तर वाटा आहेत. आखूड पॉलिलॉक मिळतात. कव्हरच्या कडेच्याच आकाराचा अॅल्युमिनियमचा स्पेसर मिळतो, त्याच्या दोन्ही अंगांना एकेक पॅकिंग आणि लांब बोल्ट घालायचे. दोन कॉर्कमध्ये आणि यात फरक हा की इथे प्रत्येक पॅकिंगला दोन्हीकडे कडक धातू मिळतो. आणि सगळ्यात सोपं म्हणजे एकच, पण जाड पॅकिंग. साधं येतं दीड सुताचं, जाड येतं अडीच सुताचं.

मी पोलादी पट्टी पोटात असलेलं रबराचं अडीच सुताचं पॅकिंग आणलं. जुन्या कॉर्कचा कण अन् कण हेडवरून खरवडला, कव्हरची कड काचेवर ठेवून सपाट आहे ना ते बघितलं, पुन्हा माती लावली, पुन्हा दोन फेरे फिरवले. डावीकडच्या मागच्या पॉलिलॉकांवरचा पापुद्रा या वेळी तीन मिलिमीटरच्या आसपास भरला आणि उजव्या कोपऱ्यातही बोटाला जाणवेल इतकं अंतर पडलं. रॉकर रोलरचे आहेत, कव्हरं तीच रेघांची आहेत, आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड दोन उन्हाळे कोरडा आहे.