टायटॅनियमच्या सायकलीला मेंटेनन्स नाही लागत? खुलासा

आपल्याकडच्या ग्रुपवर एक मेसेज फिरून राहिला का टायटॅनियमची रोडबाईक गंजत नाही, मोडत नाही, कार्बन फायबरच्या सायकलीपेक्षा हलकी, एकदा घेतली का आयुष्यभर पाहाच लागत नाही. अर्धंच खरं आहे भाऊ. फ्रेम गंजत नाही हे बरोबर, पण चेन, कॅसेट (मागच्या चाकावरची दातेरी चक्रं), बेअरिंग स्टीलचेच, मंग पावसाळ्यात दारव्हा रोडनं काळ्या मातीतून आलात तर चेन पुसून तेल घालाच लागते. सगळ्यात जास्त घोळ सीटपोस्टचा (सीटखालचा दांडा). अ‍ॅल्युमिनियमचा पोस्ट कोरडाच घातला न् वर्षभर हलवला नाही तर फ्रेममध्ये असा जाम होते का निघता निघत नाही, म्हणून अँटी-सीझ (जाम होऊ नये म्हणूनची ग्रीससारखी पेस्ट) लावायचं, मधूनमधून काढून पुन्हा लावायचं (पोस्ट कार्बनचा असेल तर कार्बन पेस्ट). वेल्डजवळ तडाही जाऊ शकतो, आन् ती फ्रेम ट्रॅक्टरची ट्रॉली जोडणाऱ्या वेल्डिंगवाल्याकडं नेऊ नका बाप्पा, तापलेलं टायटॅनियम हवेतला ऑक्सिजन-नायट्रोजन ओढून ठिसूळ होते, त्याला आतून-बाहेरून आर्गॉन वायू लागतो. वजनाचं म्हणाल तर टायटॅनियमची घनता ४.५ ग्रॅम प्रति घन सेंमी, स्टीलची ७.८, म्हणजे स्टीलपेक्षा हलकी पडते, चांगल्या कार्बन फ्रेमपेक्षा नाही.