तासाचा रेट कमी म्हणून जुनं जीपीयू स्वस्त पडतं, हे अर्धवट आहे

क्लाउडवर जीपीयू (एआयची जड आकडेमोड करणारं कार्ड) भाड्याने घेताना 'तासाचा रेट बघा, जुनं कार्ड घ्या, पैसे वाचतात' असा सल्ला सगळीकडे फिरतोय, आणि तो तसाच मानू नका प्लीज. बिल तासाच्या रेटवर नाही, काम संपेपर्यंत किती तास लागले त्यावर येतं. रेट निम्मा पण वेळ तिप्पट लागला तर दीडपट पैसे गेले, सरळ हिशोब आहे.

जुन्या कार्डात काय अडतं ते बघा. एनव्हिडियाचं व्ही१०० हे २०१७ चं कार्ड, त्यात बीफ्लोट१६ (एआय मॉडेलचे आकडे १६ बिटांत ठेवायची पद्धत) हार्डवेअरमध्ये नाहीच, ते २०२० च्या ए१०० पासून आलं, फ्लॅश अटेन्शन २ (मॉडेलचं काम वेगाने करणारं सॉफ्टवेअर) पण तिथूनच पुढे चालतं, आणि कुडा (एनव्हिडियाच्या कार्डांवर प्रोग्रॅम चालवायचं सॉफ्टवेअर) च्या १३ व्या व्हर्जनमधून तर व्ही१०० च्या व्होल्टा पिढीचा सपोर्टच काढलाय, म्हणजे जुन्या व्हर्जनवर अडकून राहायचं.

पण 'नवीन तेवढं फास्ट' हेही खरं नाही! २०२३ चं एल४ बघा, २४ जीबी मेमरी, बँडविड्थ (मेमरीतून डेटा वाचायचा वेग) मात्र सेकंदाला ३०० जीबी, आणि २०१८ च्या टी४ ची ३२०. ए१०० च्या ८० जीबीवाल्याची तर जवळपास २००० आहे. भाषेचं मॉडेल एका वेळी एकाच युजरला उत्तर देत असेल तर स्पीड बहुतेक बँडविड्थवरच ठरतो, त्यामुळे तिथे जुनं ए१०० नव्या एल४ ला सहज मागे टाकतं.

आधी मॉडेल मेमरीत बसतंय का बघा, मग दोन्ही कार्डांवर थोडा वेळ तेच काम चालवून एकूण खर्च काढा.